टोइंग गाडीला इंजिन ऑइल कुठलं टाकायचं आणि बदलायचं कधी

टोइंगवाले ऑइलबद्दल विचारतात तेव्हा प्रश्न बहुतेक एकच असतो, कॅस्ट्रॉल बरं की सर्वो बरं की गल्फ. माझ्या मते ब्रँडचा प्रश्न तिसऱ्या नंबरला येतो. त्याच्या आधी दोन गोष्टी माहीत पाहिजेत, एक म्हणजे आपली गाडी बीएस (भारत स्टेज, म्हणजे धुराच्या सरकारी नियमांचा टप्पा) किती आहे आणि तिच्या सायलेन्सरमध्ये कंपनीने काय काय बसवलंय, आणि दुसरं म्हणजे इंजिन दिवसाला किती तास चालू असतं. किलोमीटर नाही, तास. या दोन गोष्टी कळल्या की ऑइल जवळजवळ आपोआप ठरतं, मग ते चांगल्या कंपनीचं ओरिजिनल असलं म्हणजे झालं.

टोइंगची गाडी म्हणजे शेवटी ट्रकच, ४०७ च्या चेसिसवर बनवलेली असो नाहीतर आयशरवर फ्लॅटबेड टाकलेला असो, मग ट्रकला चालतं तेच ऑइल हिला का नाही चालणार असं वाटतं. चालतं, पण तेवढेच दिवस चालत नाही. मालाचा ट्रक भिवंडीहून निघाला की नागपूरपर्यंत एका लयीत चालतो, इंजिन नीट गरम होतं आणि गरमच राहतं. टोइंगची गाडी काय करते बघा. खोपोलीला किंवा खेड शिवापूरला बाजूला उभी असते, कॉल आला की थंड इंजिन मारलं स्टार्ट आणि लगेच पळाली. जागेवर पोचली की इंजिन बंद करता येत नाही कारण विंच (गाडी ओढायचा रोप) आणि बूम (उचलायचा हात) पीटीओवर, म्हणजे इंजिनातूनच ताकद घेणाऱ्या जोडणीवर चालतात, वर फिरता दिवा, ब्लिंकर, रात्र असेल तर फ्लडलाइट. बंद गाडी वर घ्यायला अर्धा तास, पलटी झालेली असेल तर दोन तास, कधी पोलीस पंचनामा संपेपर्यंत नुसतं उभं राहायचं, आणि हे सगळं इंजिन चालू ठेवून. मग पाठीवर चार-पाच टन घेऊन बोरघाट नाहीतर खंबाटकी चढायचा, दुसऱ्या-तिसऱ्या गिअरला, पुढे कंटेनरची रांग, वारा लागत नाही, टेम्परेचरचा काटा वर.

म्हणजे एकाच फेरीत ऑइलला तीन वेगवेगळे त्रास होतात. थंड इंजिनावर पळवलं की सुरुवातीला ऑइल वरपर्यंत पोचायच्या आधीच लोड येतो. आयडलिंगला उभं राहिलं की सिलिंडरमधली उष्णता कमी, डिझेल पूर्ण जळत नाही, काजळी तयार होते आणि थोडं कच्चं डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून खाली ऑइलच्या चेंबरमध्ये उतरतं. त्यात ऑइलही पूर्ण गरम होत नसल्यामुळे आत आलेली वाफ आणि डिझेल उडून जात नाही, तिथेच राहतं. आणि घाटात लोडवर उलटंच, ऑइल इतकं तापतं की त्याची पातळ होण्याची परीक्षाच. टर्बोचं बेअरिंग तर याच ऑइलवर फिरत असतं.

हे सगळं आधी सांगायचं कारण एवढंच की ऑइलच्या बादलीवर जे आकडे-अक्षरं छापलेली असतात ती याच तीन त्रासांची उत्तरं आहेत.

आधी गाडी बीएस किती ते बघा

आरसीवर लिहिलेलं असतं. १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ आलं, त्याआधी १ एप्रिल २०१७ पासून सगळीकडे बीएस-४ होतं, आणि टोइंगमध्ये त्याहीपेक्षा जुन्या गाड्या भरपूर आहेत कारण या धंद्यात बरेच जण जुना ट्रक घेऊन त्यावर क्रेन नाहीतर बूम बसवतात.

जुनी गाडी, म्हणजे बीएस-३ किंवा त्याच्या आधीची, साधा मेकॅनिकल पंप, सायलेन्सरमध्ये काही नाही. हिला एपीआय (अमेरिकन पेट्रोलियम संस्थेचा दर्जा, बादलीवर छापलेला असतो) सीआय-४ किंवा सीआय-४ प्लसचं १५डब्ल्यू-४० (जाडपणाचा नंबर, खाली सांगतो) टाका आणि डोळे झाकून चालवा. जुन्या मेस्त्री लोकांच्या तोंडात अजून "चाळीस नंबर" असतं, म्हणजे साधं मोनोग्रेड, किंवा सीएफ-४ चं २०डब्ल्यू-४०. एकेकाळी त्यावर इंजिनं चालली हे खरं आहे पण सीएफ-४ हे १९९० चं स्पेसिफिकेशन आहे, आणि त्याच्यात आणि सीआय-४ मध्ये भावाचा जो फरक पडतो तो एका ऑइल बदलीमागे काही मोठा नसतो. ज्या गाडीचं अर्ध आयुष्य आयडलिंगवर जातं तिथे काजळी सांभाळणारं ऑइल पाहिजे, आणि काजळी सांभाळण्याची ताकद प्रत्येक नव्या ग्रेडमध्ये वाढत गेलीय. सीएच-४ १९९८ ला आलं, सीआय-४ २००२ ला, आणि सीआय-४ तर मुद्दाम ईजीआर असलेल्या इंजिनांसाठी बनवलं. ईजीआर म्हणजे जळालेला धूर थोडा परत इंजिनात सोडायचा, त्यामुळे ऑइलमध्ये काजळी आणि ॲसिड दोन्ही जास्त. पुढे २००४ ला सीआय-४ प्लस आलं त्यात काजळीचा बंदोबस्त अजून चांगला केला, आणि ऑइल मार खाऊन पातळ होऊ नये याकडेही बघितलं. म्हणून जुन्या टोइंग गाडीला माझी पसंती सीआय-४ प्लस.

बीएस-४ मध्ये थोडं बघून. अशोक लेलँडने त्या काळात ईजीआरचा रस्ता घेतला होता, टाटाच्या मोठ्या गाड्यांना एससीआर म्हणजे धूर साफ करायला डीईएफ (युरियाचं पाणी) टाकायची सिस्टम होती. ईजीआरवाली असेल तर सीआय-४ प्लसच्या खाली जाऊच नका. नुसती एससीआर असेल आणि डीपीएफ (सायलेन्सरमधली काजळीची जाळी, खाली सांगतो) नसेल तरी सीआय-४ प्लस चालतं, पुस्तकात कंपनीने दुसरं काही सांगितलं नसेल तर.

आणि बीएस-६. इथे मात्र मन मानेल ते टाकायचं नाही. बीएस-६ डिझेलच्या सायलेन्सरमध्ये बहुतेक ठिकाणी डीपीएफ असतो, म्हणजे काजळी अडवणारी जाळी. जाळीत काजळी साठली की गाडी स्वतः तापमान वाढवून ती जाळून टाकते, त्याला रिजनरेशन म्हणतात. काजळी जळते, राख जळत नाही. आता राख येते कुठून, तर इंजिन ऑइलमधून, कारण प्रत्येक इंजिन थोडं थोडं ऑइल खातंच, आणि ऑइलमधल्या ॲडिटिव्हमध्ये कॅल्शियम, मॅग्नेशियम, झिंक असतं, ऑइल जळालं की त्याची राख मागे उरते आणि ती डीपीएफमध्ये जाऊन बसते ती कायमची. कुठलंही रिजनरेशन ती काढू शकत नाही, जाळी खोलून साफ करावी लागते नाहीतर नवीन, आणि नवीन डीपीएफचा भाव एकदा सर्व्हिस सेंटरला विचारून बघा म्हणजे ऑइलमध्ये वाचवलेले पैसे किती किरकोळ आहेत ते समजेल.

म्हणून बीएस-६ ला कमी राखेचं ऑइल लागतं. एपीआयमध्ये ते सीजे-४, जे २००६ ला आलं, आणि आत्ताचं सीके-४, जे २०१६ च्या डिसेंबरपासून आहे. या दोन्हींमध्ये सल्फेटेड ॲश १ टक्क्याच्या वर जाऊ द्यायचा नाही असा नियमच आहे, फॉस्फरस आणि सल्फरवरही मर्यादा आहे. युरोपियन पद्धतीने लिहिलेलं असेल तर एसीईए ई६, ई९ किंवा २०२२ नंतरचे ई८, ई११ हे डीपीएफवाल्या मोठ्या गाड्यांचे. ई७ दिसलं तर ते जास्त राखेचं, जुन्या गाडीला चांगलं, डीपीएफला नाही.

छोट्या टोइंग गाड्या, म्हणजे बोलेरो पिकअप, दोस्त, इंट्रा अशांवर बनवलेल्या, यांची गोष्ट अजून वेगळी. यांची इंजिनं कारच्या जवळची असतात आणि काही मॉडेलना कंपनी ५डब्ल्यू-३० मागते, एसीईए सी ग्रेडचं. तिथे ट्रकचं १५डब्ल्यू-४० बरं असं म्हणून ओतू नका. पुस्तक काढा, पुस्तक हरवलं असेल तर कंपनीच्या साइटवर किंवा सर्व्हिस सेंटरला चेसिस नंबर सांगून विचारा, पाच मिनिटांचं काम आहे.

बीएस-६ गाडी असेल आणि दुकानदार म्हणाला की सीके-४ नाहीये, सीआय-४ प्लस घेऊन जा, एकच आहे, तर एकच नाहीये. उलटं मात्र चालतं, जुन्या गाडीत सीके-४ टाकलं तर काही बिघडत नाही, फायदाच आहे. ज्याच्याकडे एक जुनी आणि एक नवी अशा दोन-तीन मोठ्या गाड्या आहेत त्याने सगळ्यांना एकच सीके-४ १५डब्ल्यू-४० ठेवावं, बीएस-६ च्या पुस्तकात तोच ग्रेड दिलेला असेल तर. पोरगं रात्री घाईत चुकीची बादली उघडेल ही भीतीच राहत नाही. पूर्वी म्हणायचे की आपल्या डिझेलमध्ये सल्फर जास्त म्हणून जुन्या गाडीला जास्त टीबीएनचं, म्हणजे ॲसिड मारायची ताकद जास्त असलेलं ऑइल हवं, ते तेव्हा बरोबर होतं, बीएस-३ च्या काळात डिझेलमध्ये ३५० पीपीएम सल्फर असायचा. आता पंपावर १० पीपीएमचं डिझेल मिळतं, त्यामुळे तो मुद्दा जवळपास संपला.

एक नाव लक्षात ठेवा, एफए-४. हे सीके-४ च्या सोबतच आलं, दिसायला भाऊ वाटतो पण मुद्दाम पातळ बनवलेलं आहे, डिझेल वाचवण्यासाठी, ठरावीक नव्या इंजिनांसाठीच. जुन्या इंजिनात ते टाकायचं नाही. एपीआयच्या गोल शिक्क्यात एफए-४ चा एक भाग वेगळ्या रंगात रंगवलेला असतो, तो ओळखण्यासाठीच आहे. पुस्तकात एफए-४ असं स्पष्ट लिहिलेलं नसेल तर हात लावू नका.

जाड म्हणजे चांगलं, असं नाही

आता १५डब्ल्यू-४० चं बोलू, कारण यात सगळ्यात जास्त गैरसमज आहे. डब्ल्यूच्या आधीचा आकडा थंडीतला. १५डब्ल्यू म्हणजे उणे २० डिग्रीला इंजिन फिरवता येईल एवढं पातळ राहणारं, १०डब्ल्यू उणे २५, ५डब्ल्यू उणे ३०. महाबळेश्वरला कितीही थंडी पडली तरी आपण त्याच्या आसपासही जात नाही, म्हणून महाराष्ट्र-गोव्यात १५डब्ल्यू पुरतं. मनाली-लेहकडे गाड्या चालवणाऱ्यांनी ५डब्ल्यूचा विचार करावा, चिपळूण-कराड करणाऱ्याला त्याची सक्ती नाही.

मागचा आकडा गरम इंजिनातला. ४० म्हणजे १०० डिग्रीला ऑइलचा जाडपणा १२.५ ते १६.३ सेंटिस्टोकच्या मध्ये, ३० म्हणजे त्याच्या खाली ९.३ पासून, ५० म्हणजे वर २१.९ पर्यंत. विदर्भातले बरेच जण उन्हाळ्यात २०डब्ल्यू-५० टाकतात, चंद्रपूरला ४६-४७ डिग्री म्हणून. पण बाहेर ४७ असलं तरी चेंबरमधलं ऑइल नव्वद ते एकशेदहाच्या आसपास असतं, ते थर्मोस्टॅट आणि ऑइल कूलर ठरवतात, नुसती हवा नाही. कूलर आणि रेडिएटर साफ असेल तर ४० नंबर चंद्रपूरलाही पुरतो. जाड ऑइल टाकलं की सकाळी स्टार्टला टर्बोपर्यंत आणि हेडपर्यंत उशिरा पोचतं, इंजिनचा झीज होण्याचा मोठा वाटा तेव्हाच असतो, आणि टोइंगची गाडी तर स्टार्ट मारून लगेच पळते. वर डिझेल जास्त लागतं ते वेगळंच.

२०डब्ल्यू-५० ला माझा पूर्ण विरोध नाही. झिजलेलं जुनं इंजिन, ऑइल खातंय, प्रेशर कमी दाखवतंय, आणि इंजिन काम काढायला अजून चार-सहा महिने पैसे नाहीत, अशा गाडीला तेवढ्या दिवसांपुरतं टाकायला हरकत नाही. पण ते दुखणं दाबणं आहे, बरं होणं नाही, आणि बीएस-६ ला तर बिलकुल नाही.

आता घाटात तापलेल्या ऑइलचं. बेअरिंगमध्ये दाबाखाली, १५० डिग्रीला ऑइलचा थर किती टिकतो त्याचं एक माप आहे, एचटीएचएस म्हणतात. १५डब्ल्यू-४० ला ते कमीत कमी ३.७ लागतं, ५डब्ल्यू-४० आणि १०डब्ल्यू-४० ला ३.५. हे आकडे बादलीवर नसतात, कंपनीच्या डेटाशीटवर असतात, नेटवर नाव टाकलं की मिळतात. ज्याची गाडी रोज लोड घेऊन कसारा किंवा कशेडी चढते त्याने डेटाशीट बघूनच ऑइल ठरवावं असं मी आवर्जून सांगेन, कारण दोन ऑइलचा ग्रेड सारखा असला तरी या आकड्यात फरक असतो.

सिंथेटिक घ्यावं का. शहरातली टोइंग व्हॅन, जी दिवसातून पंधरा-वीस वेळा स्टार्ट-बंद होते, तिला १०डब्ल्यू-४० सेमी सिंथेटिक किंवा ५डब्ल्यू-४० फुल सिंथेटिक खरंच उपयोगी आहे, स्टार्टला लवकर वर चढतं आणि टर्बोच्या गरम घरात करपून कार्बन कमी करतं. हायवेवरच्या हेवी रिकव्हरी गाडीला चांगलं मिनरल सीके-४ १५डब्ल्यू-४० वेळेवर बदललं तर पुरेसं आहे. सिंथेटिक टाकून बदली दुप्पट लांबवायची असा हिशोब असेल तर तो टोइंगमध्ये जमत नाही, कारण इथे ऑइल म्हातारं होऊन बाद होत नाही, त्यात काजळी आणि डिझेल मिसळून बाद होतं, आणि ते सिंथेटिकमध्येही तेवढंच मिसळतं.

बदलायचं कधी, इथेच सगळे फसतात

समजा पुस्तकात २०,००० किलोमीटरला ऑइल बदली दिलीय. हा आकडा साधारण चालणाऱ्या ट्रकचा, म्हणजे सरासरी ताशी ४० धरली तर इंजिन ५०० तास चालल्यावर. आता एक टोइंग व्हॅन घ्या, दिवसाला ६० किलोमीटर फिरते पण इंजिन ७ तास चालू असतं. तिचे ५०० तास ७१ दिवसांत भरतात, आणि तेव्हा मीटरवर दिसतात जेमतेम ४,३०० किलोमीटर. मालक म्हणतो अजून तर पाव पण झालं नाही, आणि चेंबरमध्ये डांबर होत असतं.

म्हणून टोइंगच्या गाडीला तासांवर ऑइल बदलायचं. नव्या गाड्यांच्या डिस्प्लेमध्ये इंजिन अवर्स दिसतात, मेनूमध्ये शोधा. जुन्या गाडीला अवरमीटर बसवून घ्या, इलेक्ट्रिशियन तासाभरात बसवून देतो, जेसीबीला असतो तसाच. टिपर, मिक्सर अशा पीटीओवर चालणाऱ्या गाड्यांसाठी काही कंपन्या पुस्तकातच तासांचा आकडा देतात, तो मिळाला तर तोच पाळा. नाही मिळाला तर वरच्यासारखा हिशोब काढा आणि त्यातूनही थोडं कमी करा, कारण आयडलिंगचा तास हा चालत्या तासापेक्षा ऑइलला जास्त घाण करतो. ५०० आला तर मी ३०० ते ३५० ला बदलेन. आणि ज्या गाड्या स्टँडबाय उभ्याच असतात, महिन्यातून दोन-चार कॉल, त्यांचे तास भरणारच नाहीत, त्यांचं ऑइल वर्षातून एकदा बदलायचंच, कोकणात असेल तर पावसाळा संपल्यावर, कारण दमट हवेचं पाणी आत धरतं.

फिल्टर प्रत्येक वेळी बदला. ऑइल नवं आणि फिल्टर जुना असा हिशोब अजून काही गॅरेजला चालतो, पण फिल्टर चोंदला की आतला बायपास वाल्व उघडतो आणि ऑइल गाळल्याशिवायच इंजिनात जातं. मग महाग ऑइल कशाला घेतलं?

गेज काढून बघायचं ते नुसतं पातळीसाठी नाही

गाडी सपाट जागेवर, इंजिन बंद करून दहा मिनिटं थांबून मग गेज, म्हणजे ऑइल मोजायची पट्टी, काढा. टोइंगची गाडी रस्त्याच्या कडेला उतारावर उभी असते आणि ड्रायव्हर तिथेच गेज बघतो, ते रीडिंग काही कामाचं नाही. ऑइल कमी झालं तर टॉप अप करायचं, तोच एपीआय ग्रेड आणि तोच नंबर, रात्री अडचणीत दुसऱ्या कंपनीचं मिळालं तरी ग्रेड सारखा असेल तर चालतं. पण वरच्या खुणेच्या वर भरायचं नाही, क्रँक ऑइलमध्ये आपटून फेस होतो आणि फेस झालेलं ऑइल बेअरिंगला धरत नाही.

काळजीची गोष्ट म्हणजे ऑइल वाढणं. न टाकता गेजवर ऑइल वर आलं तर त्यात काहीतरी मिसळतंय. दुधाळ, चहासारखा रंग असेल तर कूलंट, गाडी लगेच थांबवा. पातळ झालंय आणि डिझेलचा वास येतोय तर डिझेल. बीएस-६ टोइंग व्हॅनमध्ये हे जास्त होतं, कारण रिजनरेशनसाठी काही इंजिनं सिलिंडरमध्ये जादा डिझेल मारतात, आणि ते चालू असतानाच ड्रायव्हर गाडी बंद करतो, पुन्हा कॉल, पुन्हा अर्धवट रिजनरेशन, दरवेळी थोडं डिझेल खाली उतरतं. डॅशबोर्डवर डीपीएफचा दिवा लागला की गाडी एकदा वीस-पंचवीस मिनिटं हायवेला ताणून आणा नाहीतर पार्किंगमध्ये पुस्तकात दिल्याप्रमाणे उभ्याने रिजनरेशन करून घ्या, आजूबाजूला वाळलेलं गवत नाही ना ते बघून. हे ड्रायव्हरला समजावून सांगा, त्याला कुणी सांगितलेलंच नसतं.

ऑइल काळं पडलं म्हणून घाबरू नका, डिझेल इंजिनात नवं ऑइल काही तासांतच काळं होतं, काजळी स्वतःमध्ये धरून ठेवणं हेच त्याचं काम आहे. खरं बघायचं तर टीपकागदावर एक थेंब टाका आणि काही तास ठेवा. काळेपणा सगळीकडे सारखा पसरला तर ऑइल अजून काजळी धरून ठेवतंय. मध्ये घट्ट काळा ठिपका आणि बाहेर कोरडी फिकी कड अशी विभागणी झाली तर त्याची ताकद संपली, तास भरायची वाट बघू नका. चार-पाच गाड्या असणाऱ्याने वर्षातून एकदा लॅबमध्ये जुन्या ऑइलची तपासणी करून घ्यावी, त्यात लोखंड, सिलिका, काजळी, डिझेल, उरलेला टीबीएन सगळं कळतं. सिलिका वाढली म्हणजे एअर फिल्टरमधून धूळ जातेय, सोडियम-पोटॅशियम दिसलं म्हणजे कूलंट, इंजिन बसायच्या कितीतरी आधी समजतं.

बादली विकत घेताना

नाव मोठं आहे म्हणून बादली उचलू नका, मागच्या बाजूचा बारीक मजकूर वाचा. एपीआय सीके-४, एसएई १५डब्ल्यू-४०, आणि शक्य असेल तर आपल्या इंजिन कंपनीचं अप्रूव्हल नंबरसकट. "सीके-४ परफॉर्मन्सचं" असं गोल गोल लिहिलेलं आणि शिक्का नसलेलं असेल तर दुसरं बघा. सर्वो, मॅक, एचपी, कॅस्ट्रॉल, गल्फ, शेल, मोबिल, व्हॅल्व्होलिन, व्हीडॉल या सगळ्यांकडे सीके-४ ची रेंज आहे, यात अमुकच घ्या असं मी सांगणार नाही. मेकॅनिकचं मत जरूर घ्या पण काही बादल्यांमध्ये मेकॅनिकसाठी कूपन असतं हेही माहीत असू द्या, तो एकच कंपनी का सांगतोय ते विचारायला लाजू नका.

नकली माल हा या धंद्यातला खरा शत्रू आहे. सुट्टं ऑइल, ड्रममधून मापाने दिलेलं, घेऊच नका, मग दुकानदार कितीही ओळखीचा असो. पंपावरून किंवा कंपनीच्या डिस्ट्रिब्युटरकडून सीलबंद, जीएसटी बिलासकट घ्या, बॅच नंबर आणि तारीख बिलावर लिहून घ्या, गाडी वॉरंटीत असेल तर हेच बिल उपयोगी पडतं. सील, झाकणाखालचा फॉइल, क्यूआर असेल तर स्कॅन. भाव बाजारापेक्षा बराच कमी असेल तर ती सवलत नाही. आणि रिकामी बादली भंगारवाल्याला देण्याआधी तिला भोकं पाडा, लेबल ब्लेडने फाडा, नाहीतर तीच बादली भरून परत बाजारात येते.

इंजिन ऑइलसोबत मिळणारी ॲडिटिव्हची बाटली, इंजिन ताकदवान होईल वगैरे, ती नको. सीके-४ मध्ये लागणारी ॲडिटिव्ह मोजून घातलेली असतात, वरून अजून ओतलं तर राखेचं गणित बिघडतं.

हायड्रॉलिकची बादली वेगळी

टोइंग गाडीतच होणारा घोळ म्हणून हे सांगतो. बूम आणि विंचच्या टाकीत हायड्रॉलिक ऑइल असतं, बहुतेक ४६ किंवा ६८ नंबर, आणि ६८ हा आकडा बघून काही पोरांना ते इंजिन ऑइलपेक्षा जाड वाटतं. दोन्हींचं मापच वेगळं आहे, हायड्रॉलिकचा आकडा ४० डिग्रीला मोजतात, इंजिन ऑइलचा १०० डिग्रीला, त्यामुळे ६८ नंबर हायड्रॉलिक हे प्रत्यक्षात १५डब्ल्यू-४० पेक्षा पातळ असतं. त्यात काजळी धरणारी, ॲसिड मारणारी ॲडिटिव्ह नसतात. इंजिन कमी पडलं म्हणून टाकीतलं हायड्रॉलिक ऑइल इंजिनात ओतणं म्हणजे बेअरिंग घालवणं. बॉडी बनवणाऱ्याने हायड्रॉलिकसाठी कुठलं सांगितलंय ते त्याच्याकडून लिहून घ्या, टाकीवर पेंटने नंबर टाका, आणि दोन्ही बादल्यांना वेगळ्या रंगाची फनेल ठेवा. डीईएफच्या टाकीचं झाकण निळं असतं, तिथेही ऑइल नाही आणि इंजिनात डीईएफ नाही, रात्रीच्या अंधारात हे होतं म्हणून सांगितलं.

घाट चढून आल्यावर इंजिन लगेच बंद करू नका, दोन-तीन मिनिटं आयडलला ठेवा, टर्बो गरम असतो आणि ऑइलचा प्रवाह थांबला तर त्याच्या बेअरिंगमधलं ऑइल जागेवर करपतं. एवढं आयडलिंग चालतं, फक्त नंतर तासभर उभं राहून मोबाइल चार्ज करण्यासाठी इंजिन चालू ठेवू नका.

काढलेलं काळं ऑइल गटारात किंवा शेताच्या बांधावर ओतू नका, लाकडाला वाळवीसाठी लावायलाही देऊ नका. जुनं ऑइल कायद्याने घातक कचऱ्यात येतं, २०१६ चे नियम आहेत, ते परवाना असलेल्या रिसायकलरकडेच गेलं पाहिजे. गॅरेजमध्ये बदली करत असाल तर त्याचं ऑइल कोण उचलतं ते विचारा, स्वतःच्या यार्डात करत असाल तर झाकणाचा ड्रम ठेवा, त्यात कूलंट, डिझेल, डीईएफ काही मिसळू देऊ नका कारण भेसळ झालेला ड्रम रिसायकलर घेत नाही, आणि चेंबर उघडताना ड्रेन नटचा वॉशर दरवेळी नवा टाका, जुन्या वॉशरमधून थेंब थेंब गळून आठवड्यात लिटरभर कमी होतं आणि ते गेजवर दिसेपर्यंत गाडी लोडवर घाटात असते.